तुळशीपुढे दिवा... चाळीस वॅटचा!

शुक्रवारी रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी काका, मागे वॉचमन. काकांनी घसा खाकरला, माझ्या खांद्यावरून हॉलमध्ये एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, ''काय रे, घरी पार्टी-बिर्टी चाललीय का?''

''नाही हो काका. का?''

''नाही म्हणजे... समोरच्या विंगमधून दोन-तीन जणांचे फोन आले. दुसऱ्या मजल्यावर रोज रात्री जांभळा लाइट लागतो म्हणे. फॅमिली बिल्डिंग आहे आपली.''

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ''अहो, या ना आत! तुळशीला लावलाय तो.''

काका आत आले. हॉलच्या कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस, तिच्या डोक्यावर चार माना काढून बसलेला जांभळा दिवा आणि त्या डान्सबारी उजेडात शांतपणे मालिका बघत बसलेली माझी आई. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''तुळशीला दिवा लावतात हे माहीत होतं. पण हा?''

मंडळी, हसू नका. 'इनडोअर प्लांट्ससाठी एलईडी ग्रो लाइट' हा विषय वाटतो तितका सोपा नाही. मी त्यात आधी पैसे घालवले, मग अब्रू घालवली आणि शेवटी अक्कल कमावली. तीच या आठवड्यात तुमच्याबरोबर वाटून घेतोय. निदान तुमच्या दारात तरी सेक्रेटरी यायला नको!

प्रकरण सुरू झालं ते असं

बाबा गेल्यानंतर आई साताऱ्याचं घर बंद करून माझ्याकडे गोरेगावला आली. कोयना एक्स्प्रेसने. सामान किती? एक बॅग, एक पिशवी आणि मांडीवर तुळस. ती तुळस बाबांची. रिटायर झाल्यावर रोज सकाळी तिला तांब्याभर पाणी घालणं हे त्यांचं ऑफिस होतं. दादरला उतरताना मी म्हटलं, ''अगं, तुळस इथेही मिळते की.'' आईने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही.

तेव्हा आमच्या हॉलच्या खिडकीत सकाळी आठ ते अकरा छान ऊन यायचं. तुळस रमली. पण शेजारची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि बघता बघता तिथे टॉवर उभा राहायला लागला. दर नव्या स्लॅबबरोबर आमचं ऊन थोडं थोडं कमी होत गेलं. पावसाळा आला आणि उरलंसुरलंही गेलं. ऑगस्टमध्ये तुळशीचं रूप बघवेना. पानं पिवळी होऊन गळतायत, फांद्या काडीसारख्या लांब होऊन खिडकीकडे माना टाकतायत. 'फाइव्ह के रन'नंतर आपण जसे दिसतो ना, तशी.

आणि एके दिवशी आई सहज म्हणाली, ''तुळशीला इथं करमत नाही बघ. परत न्यावी म्हणते साताऱ्याला.''

तुळस काही एकटी जाणार नव्हती, हे मला कळत होतं. मी त्याच रात्री ऑनलाइन जाऊन पहिला दिसला तो ग्रो लाइट ऑर्डर केला. साडेचारशे रुपये. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, '८० वॅट, फुल स्पेक्ट्रम'. तोच तो जांभळा.

पंधरा दिवस लावला. तुळशीत काडीचा फरक नाही. उलट त्या जांभळ्या उजेडात हिरवी पानं काळी दिसायची, त्यामुळे देठांवर पिठ्या ढेकूण कधी चढले तेही कळलं नाही. सेक्रेटरी काका येऊन गेल्यावर मात्र मी ठरवलं की, बॉस, आता नीट अभ्यास करायचा. मोबाइल घेण्याआधी आपण आठ दिवस रिव्ह्यू वाचतो, मग हे का नाही?

झाडाचा डोळा वेगळा

पहिली गोष्ट. आपल्याला जे 'लख्ख' वाटतं, ते झाडाला लख्ख वाटेलच असं नाही. आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त भुलतो. बल्बच्या खोक्यावर जो 'लुमेन'चा आकडा असतो, तो माणसाच्या डोळ्याच्या या आवडीप्रमाणे काढलेला असतो. झाडाला डोळे नाहीत. त्याला मतलब फक्त प्रकाशाचे किती कण पानावर पडतात याच्याशी. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे जांभळट निळ्यापासून गडद लालपर्यंतचा प्रकाश झाड अन्न बनवायला वापरतं.

मग ग्रो लाइट जांभळे का असतात? कारण पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं आणि हिरवा त्यामानाने जास्त परतवतं. म्हणून तर पान आपल्याला हिरवं दिसतं! यावरून सुरुवातीला लोकांनी हिशेब मांडला की हिरव्यावर वीज कशाला घालवा? फक्त लाल आणि निळे एलईडी लावा. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा. हिशेब अगदीच चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत के. जे. मॅक्री या संशोधकाने २२ प्रकारच्या पिकांवर मोजून दाखवलं होतं की हिरवा प्रकाशही झाडं चांगल्यापैकी वापरतात. तो पानात खोलवर जातो, खालच्या पानांपर्यंत पोचतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 'नासा'ने भाजी पिकवायची जी पेटी पाठवली, तिच्यात लाल आणि निळ्याबरोबर हिरवे एलईडीही आहेत. २०१५ मध्ये अंतराळवीरांनी तिथे पिकवलेला लेट्यूस खाल्ला. काळपट जांभळा पाला ताटात कोणाला आवडेल, सांगा!

आता पांढऱ्या एलईडीची गंमत ऐका. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळट पावडरीचा थर असतो, तो काही निळ्या प्रकाशाचं हिरव्या, पिवळ्या, लाल प्रकाशात रूपांतर करतो. सगळं मिळून पांढरं दिसतं. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, तो बनवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. सांगायचा मुद्दा काय, तर साध्या पांढऱ्या एलईडीतही निळ्यापासून लालपर्यंत सगळं असतं. त्यामुळे 'फुल स्पेक्ट्रम' हा शब्द बघून हुरळून जाऊ नका. त्याची काही ठरलेली व्याख्या नाही. कोणीही, कशावरही छापू शकतो.

थोडक्यात, घरात राहायचं असेल तर पांढरा घ्या. झाड खूश, सोसायटी खूश. शिवाय पान पिवळं पडलं, कीड लागली तर लगेच दिसतं.

८० वॅटचा फुगा

आता माझ्या त्या जांभळ्या दिव्याची कुंडली. तो चालायचा मोबाइलच्या चार्जरवर. चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ५ व्होल्ट, २ अँपिअर. दहावीचं विज्ञान आठवा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. पाच दुणे दहा. म्हणजे जगात काहीही झालं तरी त्या दिव्याला १० वॅटच्या वर वीज मिळणारच नव्हती! मग खोक्यावरचे ८० आले कुठून? बहुतेक वेळा एकेका चिपचा कागदावरचा कमाल आकडा घेऊन त्याला चिप्सच्या संख्येने गुणतात, किंवा 'अमुक वॅटच्या जुन्या बल्बइतका' अशी तुलना करतात. मोठ्या दिव्यांचंही तेच. वर '१००० वॅट' आणि प्रत्यक्षात ओढतो शंभर-सव्वाशे.

म्हणून पहिला नियम. भिंतीतल्या सॉकेटमधून दिवा प्रत्यक्षात किती वॅट ओढतो, तेवढंच विचारायचं. बाकी सगळं लग्नाच्या बायोडेटातल्या 'गृहकृत्यदक्ष'सारखं.

दुसरा नियम. त्या एका वॅटमधून झाडाच्या कामाचा प्रकाश किती निघतो? चांगल्या ग्रो लाइटच्या माहितीपत्रकावर हा आकडा 'मायक्रोमोल प्रति ज्यूल' असा दिलेला असतो. नाव ऐकून घाबरू नका, बाइकचं मायलेज समजा. प्रकाशाच्या कणांची मोजदाद मायक्रोमोलमध्ये करतात, एवढंच. आपला साधा घरगुती एलईडी दीडच्या आसपास मायलेज देतो. चांगला ग्रो लाइट अडीच किंवा त्याहून जास्त. हा आकडा कुठेच दिलेला नसेल, तर समजायचं की सांगण्यासारखा नाही.

मोबाइलनेच मोजा

पण दिव्यातून किती निघालं यापेक्षा पानावर किती पडलं हे महत्त्वाचं. ते मोजायचं यंत्र महाग असतं, पण आपल्या खिशात त्याचा गरीब भाऊ असतो. मोबाइलमध्ये लक्स मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप टाका. फोन पानाच्या जागी, स्क्रीन दिव्याकडे करून धरा. आकडा अगदी बिनचूक नसेल, पण अंदाजाला पुरतो. मग पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सला ७० ने भागा. खिडकीतल्या उजेडाला ५५ ने. उत्तर आलं की ते पानावर दर सेकंदाला, दर चौरस मीटरला पडणारे मायक्रोमोल. (जांभळ्या दिव्याला हे गणित लागू नाही. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी असल्यामुळे तिथे आकडा फसवा येतो.)

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स असतात. म्हणजे १८०० मायक्रोमोलच्या पुढे. आपल्या ऑफिसात डेस्कवर? ३०० ते ५०० लक्स! म्हणजे जेमतेम सात मायक्रोमोल. तुमच्या क्युबिकलमधला मनीप्लांट वर्षभरात दोनच पानं का काढतो, आलं ना लक्षात? तो वाढत नाहीये, तो फक्त नोटीस पीरियड काढतोय. त्यात शनिवार-रविवार लाइट बंद.

आमच्या खिडकीत ऑगस्टच्या दुपारी बारा वाजता आकडा आला ९००. भागिले ५५ म्हणजे सोळा-सतरा. मी पुन्हा मोजलं. तोच आकडा. आपल्या डोळ्यांना तिथे बऱ्यापैकी उजेड वाटत होता. आपला डोळा कमी-जास्त प्रकाशाला इतका सराईतपणे जुळवून घेतो की झाड उपाशी मरतंय हे आपल्याला दिसतच नाही. त्या आकड्याकडे बघताना मला जरा अपराधी वाटलं. आई सहा महिने त्याच खिडकीशी बसत होती.

कुणाला किती?

झाडाला दिवसभरात एकूण प्रकाश किती मिळाला याला महत्त्व आहे. पगारासारखं. ताशी रेट कमी असेल तर तास जास्त भरा. दिवा साधारण १२ ते १४ तास चालणार असं धरलं, तर पानावर किती मायक्रोमोल हवेत याचा ढोबळ अंदाज असा:

• स्नेक प्लांट, झेडझेड, मनीप्लांट: ५० ते १००. ही मंडळी कमी पगारातही संसार करतात. ५० च्या खालीही जगतील, पण फारशी वाढणार नाहीत.

• सिंगोनियम, पीस लिली, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा: १०० ते १५०.

• पुदिना, कोथिंबीर, मेथी: १५० ते २००.

• तुळस, कढीपत्ता: २०० ते ३००.

• मिरची, टोमॅटो: फळ धरायला ४०० च्या पुढे. गुलाब आणि जास्वंद? त्यांचा नाद हॉलमध्ये सोडा. बाल्कनी बघा.

यावरून खरेदीचा निम्मा प्रश्न सुटतो. पहिल्या गटातल्या झाडांसाठी 'ग्रो लाइट' नावाची वस्तू घ्यायची गरजच नाही! साधा ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब टेबललॅम्पमध्ये बसवा आणि झाडापासून एक फुटावर ठेवा. तीन हजार लक्सच्या आसपास मिळतात, म्हणजे ४०-४५ मायक्रोमोल. ऑफिसातल्या मनीप्लांटसाठी हे म्हणजे प्रमोशनच. कपाटाच्या फळीवर कुंड्यांची रांग असेल, तर वर चार फुटी २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या शेजारी-शेजारी लावा. पानांपासून वीतभर अंतर ठेवा. काम झालं.

तुळशीचं मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथे खरा ग्रो लाइट लागतो.

हिशेब, नॅपकिनवर

ऑफिसच्या कँटीनमध्ये मी नॅपकिनवर मांडलेला हिशेब इथे देतोय. तुम्ही तुमचे आकडे घाला.

तुळशीचा घेर धरून जागा दोन फूट बाय दोन फूट. म्हणजे ०.६ मीटर गुणिले ०.६ मीटर, ०.३६ चौरस मीटर. दिवा ४० वॅटचा, मायलेज अडीच. एकूण प्रकाश १०० मायक्रोमोल. १०० भागिले ०.३६ म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. त्यातला पाव भाग इकडेतिकडे भिंतीवर सांडणार. उरले दोनशे. चौदा तास चालवला तर तुळशीचं पोट भरतं.

तोच हिशेब जांभळ्यासाठी करा. १० वॅट, मायलेज उदारपणे दीड. एकूण १५. भागिले ०.३६ म्हणजे चाळीस. त्यातूनही सांडणार. म्हणजे दोष रंगाचा नव्हता, मापाचा होता. आम्ही तुळशीला चमच्याने जेवण भरवत होतो.

विजेचं काय? ४० वॅट गुणिले १४ तास म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त. महिन्याला १७ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी १७० रुपये. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नचा डबा याहून महाग पडतो.

मी ४० वॅटचं पांढरं पॅनेल घेतलं. अडीच हजारांच्या आसपास पडलं. पांढऱ्या चिप्समध्ये थोडे गडद लाल एलईडी पेरलेले. पडद्याच्या रॉडला दोन साखळ्या बांधून टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बघितलं आणि म्हणाली, ''ही ट्यूब बरी आहे. निदान माणसासारखी दिसते.''

वर-खाली, चालू-बंद

दिवा आणला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तो कुठे आणि किती वेळ लावायचा यात आहे.

अंतर: छोट्या बल्बचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पावपट होतो. छताचा लाइट कितीही भारी असो, खाली कोपऱ्यातल्या कुंडीपर्यंत त्यातलं काही पोचत नाही ते यामुळेच. पॅनेल असेल तर दीड फुटावरून सुरुवात करा आणि आठवडाभरात हळूहळू फुटावर आणा. उपाशी झाडाला एकदम पंगतीला बसवू नका. वरची पानं पांढुरकी पडली किंवा कडा करपल्या तर दिवा जवळ आहे. फांद्या पुन्हा लांब, किडकिडीत व्हायला लागल्या तर दूर आहे. झाड बोलतं, फक्त बघायला हवं.

वेळ: चोवीस तास दिवा लावला म्हणजे डबल प्रगती होत नाही. झाडालाही रात्र लागते. शेवंती, कलांचो, पॉइनसेटिया यांना तर लांब रात्र मिळाली तरच फुलं येतात. शेवंतीची फुलं लांबवायची असतील तर शेतकरी रात्री मुद्दाम दिवे लावतात, आता बोला! म्हणून एक टायमर प्लग घ्याच. रोज आठवणीने चालू-बंद करणं आपल्या पिढीला जमत नाही, हे मान्य करून टाका.

मी टायमर लावला होता सकाळी सात ते रात्री नऊ. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, ''दिवेलागणीला ती ट्यूब बंद ठेव. तिच्यापुढे देवाचा दिवा दिसत नाही.'' टायमर सकाळी पाच ते संध्याकाळी सात केला. चौदा तास ते चौदाच तास. सात वाजता ट्यूब विझते, आई तुळशीपुढे निरांजन ठेवते. मी ऑफिसातून आलो की घरात तेवढाच उजेड असतो. छान वाटतं.

पाणी: हा भाग नाजूक होता. अंधारात झाड पाणी फार कमी पितं, त्यामुळे घातलेलं पाणी कुंडीत साचतं आणि मुळं कुजतात. घरातली बहुतेक झाडं तहानेने नाही, आपल्या प्रेमाने मरतात. आमच्या तुळशीचंही निम्मं दुखणं तेच होतं. पण आईला 'तुळशीला पाणी घालू नकोस' असं सांगणार कोण? ते बाबांचं काम होतं. बाबा गेल्यापासून ती ते एक दिवसही चुकवत नव्हती.

दोन दिवस मी नुसताच घुटमळलो. मग एका रविवारी तिलाच म्हटलं, ''आई, माती बोटाने बघ ना जरा.'' तिने बोट घातलं. चिखल. क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, ''साताऱ्याला वारं होतं, ऊन होतं. एक तांब्या कुठल्या कुठे जायचा.'' दुसऱ्या दिवसापासून तिने तांब्या सोडला आणि देवघरातली पळी घेतली. रोज एक पळी. नियम मोडला नाही, तुळसही बुडली नाही. माझ्या सगळ्या नॅपकिनपेक्षा हा उपाय मोठा होता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

खरेदीला निघण्याआधी

कात्रण काढून ठेवा किंवा फोटो काढा:

१. आधी झाड ठरवा, मग दिवा. मनीप्लांटसाठी पॅनेल नको, तुळशीसाठी टेबललॅम्प नको.

२. प्रत्यक्ष ओढला जाणारा वॅट विचारा. चार्जरवर चालणारा दिवा असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर करा.

३. पांढरा घ्या, ४००० ते ६५०० केल्विनमधला कुठलाही चालेल. पिवळसर हवा की निळसर, ते तुमच्या हॉलच्या पडद्यांवर सोडा.

४. मायक्रोमोल प्रति ज्यूलचा आकडा बघा. दोनच्या वर उत्तम. नसेल तर निदान लुमेन बघा. वॅटमागे शंभर लुमेन तरी हवेत.

५. अंतर बदलता येईल असं टांगायचं साधन हवं. झाड वाढतं, दिवा तिथेच राहिला तर पानं भाजतात.

६. पाणी आणि वीज जवळजवळ असणार. अर्थिंगचा तीन पिनांचा प्लग, बीआयएसची खूण आणि सॉकेट कुंडीच्या वर. वायरला खाली एक वळसा ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता तिथेच ठिबकेल.

७. टायमर प्लग. पुन्हा सांगतो, टायमर प्लग.

८. दिवा लावून दोन-तीन आठवडे थांबा. गळालेली पानं परत चिकटत नाहीत. नवीन फुटवा कसा येतो ते बघा. तोच खरा रिझल्ट.

तर मग तुळशीचं काय झालं?

सिनेमात असतं तसं काही झालं नाही. वरच्या निम्म्या फांद्या वाळल्याच होत्या, त्या छाटाव्या लागल्या. पिठ्या ढेकूण मी आणि आईने कापूस ओला करून एकेक पुसून काढले. सप्टेंबरच्या शेवटी बुंध्यापासून वीतभर उंचीवर दोन हिरवे ठिपके दिसले. आईला आधी दिसले. तिने मला ऑफिसात फोन करून सांगितलं. मी मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला.

आणि एक गोष्ट मला नंतर कळली. साताऱ्याहून निघताना आईने मंजिऱ्या खुडून रुमालात बांधून आणल्या होत्या. तुळस वाचली नाही तर, म्हणून. मला बोलली नव्हती. ऑक्टोबरमध्ये तिने ते बी दह्याच्या डब्यांमध्ये पेरलं आणि डबे पॅनेलखाली सरकवले. आज अकरा रोपं आहेत. एक सेक्रेटरी काकांकडे गेलं. दोन समोरच्या विंगमध्ये, ज्यांनी तक्रार केली होती त्यांच्याकडेच! रोज संध्याकाळी आता कोणी ना कोणी 'काकू, पानं पिवळी पडतायत' म्हणून बेल वाजवतं. आई त्यांना कुंडीत बोट घालून बघायला सांगते.

कार्तिकात तुळशीचं लग्न लावलं. ऊस पॅनेलच्या साखळीला बांधला. मंगलाष्टकं मोबाइलवर, अक्षता टाकायला आख्खा दुसरा मजला. बरोबर सात वाजता टायमरने ट्यूब बंद केली आणि निरांजनाच्या उजेडात एक लहान मुलगी जोरात म्हणाली, ''लाइट गेली!''

''गेली नाही गं,'' आई म्हणाली, ''झोपली.''

साताऱ्याला जायचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही. मीही काढत नाही.